आपल्याकडे प्रिंटर नाही

अहो,

जेवण झाकून ठेवलंय. पण कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हे वाचा.

मशीनवर कोणी कधी काय बसवलं, याची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम मी महिन्यापूर्वी टाकला होता. त्यात मंगळवारी सकाळी अकराला ‘प्रिंटर मदतनीस’ आलेला दिसतो. मी बाजारात होते, घरी तुम्ही एकटेच. आणि आपल्याकडे प्रिंटर कधी होता हो? वर संध्याकाळी साळसूदपणे मलाच विचारलंत, “मशीन हळू चाललंय का गं?”

हा मदतनीस कीबोर्डवर टाइप झालेलं सगळं गुपचूप लिहून ठेवतो. तो मुळासकट काढलाय, मागे लपवलेल्या एकोणीस फायलींसह. काढण्याआधी त्याने लिहिलेलं मात्र वाचलं. तो बसवून तुम्ही लगेच उठला नाहीत, त्यामुळे पहिली ओळ तुमचीच आहे: ‘बायको दर गुरुवारी कुठे जाते हे कसं शोधायचं’.

आज गुरुवार आहे. मी कॉम्प्युटरच्या क्लासला गेलेय.

पासवर्ड बदललाय. हवा असेल तर मी आल्यावर तोंडाने विचारा.