शंभरातल्या सत्तावीस

३ जून
लेकीला कॉलेजच्या मॅनेजमेंट विभागाने पुढच्या शिक्षणासाठी नाकारलं. इंजिनियर झाली ती पहिल्या पाचांत येऊन. नाकारायचं कारण एकच, मुलगी आहे. मी आठवीत शाळा सोडून पंपांचा कारखाना उभा केला, मला ही माणसं काय गंडवणार. कॉलेजला दोन पंप फुकट दिल्यामुळे मी त्यांच्या कमिटीवर आहेच. संकल्प: आठ दिवसांत हा अन्याय चव्हाट्यावर आणायचा.
लेक जेवली नीट.

५ जून
कॉलेजातून आकडे आणले. शंभर मुलांनी अर्ज केले, बावन्न आत. शंभर मुलींनी केले, सत्तावीस. टक्केवारी काढायचेही कष्ट नाहीत. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, गीझरवाला कधी येणार.

८ जून, दुपार
स्टॅटिस्टिक्सच्या सरांना भेटलो. पोरं त्यांना टक्केमास्तर म्हणतात. म्हणाले, दोन्ही विभाग वेगळे मांडा. मांडले. मेकॅनिकल: ऐंशी मुलांतले अठ्ठेचाळीस घेतले, दहा मुलींतल्या सात. मॅनेजमेंट: वीस मुलांतले चार, नव्वद मुलींतल्या वीस. म्हणजे दोन्हीकडे मुलींचा टक्का थोडा वरच. मास्तर म्हणाले, मुली गर्दीच्या दारात उभ्या, मुलगे मोकळ्या. सगळं एकत्र केलं की अन्याय दिसतो. बोलता बोलता त्यांचं बिस्कीट चहात पडलं. अशा माणसावर किती विश्वास ठेवायचा.
निघताना म्हणाले, मेकॅनिकलच्या एका मुलाने जागा सोडलीय, शुक्रवारपर्यंत भरतील, तुमची कन्या सहज बसेल. मी हसून विषय बदलला.

९ जून
पंख्याकडे बघत पडून राहिलो. संध्याकाळी पुन्हा बेरीज केली. बावन्न, सत्तावीस. तेच.
लेकीला विचारलं, तुम्ही मुली सगळ्या मॅनेजमेंटकडेच का पळता. निःपक्षपाती चौकशी म्हणून. तिने सांगितलं, "बाबा, मी मेकॅनिकल म्हणत होते. तुम्ही म्हणालात, ग्रीसने माखलेली सून कोणाला हवी."
गमतीत म्हणालो असेन. शिवाय एका घरावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१० जून
मास्तरांनी घरी फोन केलेला दिसतो. लेकीने सुटलेल्या जागेचं विचारलं, फी भराल का म्हणाली. मी म्हटलं, आधी या प्रवेशांवरचा माझा कमिटीचा रिपोर्ट होऊ दे. कमिटीवाल्याची मुलगी मागच्या दाराने घुसली असं कोणी म्हणायला नको. तत्त्व आहे. बायको आत पुटपुटली की यांना तत्त्व नेमकं हिच्याच वेळी आठवतं. माझे कान तिखट आहेत, पण सगळ्याला उत्तर द्यायचं नसतं.

१२ जून, शुक्रवार
रिपोर्ट अर्धा झाला. पुतण्या आला होता. कसाबसा इंजिनियर झालाय, नोकरी मिळत नाही, भाऊ काळजीत. गाडीत घातला, कॉलेजात नेला, त्या सुटलेल्या जागेवर चिकटवून आलो. फीचा पहिला हप्ता मीच भरला. मार्क लेकीपेक्षा बरेच कमी, यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण मुलगा आहे, शिकेल. आणि पुतण्या म्हणजे काही अगदी घरातला नव्हे.
लेक घरी आली तेव्हा सांगितलं. बरं म्हणाली.

१५ जून
कमिटीपुढे रिपोर्ट वाचला. कॉलेज निर्दोष. मुली अर्जच चुकीच्या दारात करतात, पालकांनी लक्ष घालावं. हे शेवटचं वाक्य माझं. टाळ्या पडल्या. टक्केमास्तर चष्मा पुसत होते. एक गेला, एक आला, मुलांचा आकडा अजून बावन्नच आहे.

१८ जून
लेक आता कारखान्याच्या ऑफिसात फोन घेते. एसी आहे. पुतण्या भेटायला आला. तिने ड्रॉवरमधून व्हर्नियर काढलं. लहानपणी तिला मीच दिलं होतं, दिवसभर त्याने पंपांचे शाफ्ट मोजत बसायची. ते तिने त्याच्यापुढे ठेवलं. "घेऊन जा. मला आता लागणार नाही."
त्याने उलटं धरलं. तिने सुलटं करून दिलं.
मनाने मोठी आहे पोरगी. माझ्यावर गेलीय.
तेवढ्यात फोन वाजला. तिने घेतला.