बाथरूमच्या खिडकीची फळी

चिमे,

रात्रीच्या प्रवासानं दमली होतीस, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघाले, चारला येते. बाबांना जेवल्यावर गोळी दे आणि ती गिळेपर्यंत समोरून हलू नकोस. गीझरचा गॅस कोंडून त्यांच्या मेंदूला इजा झाल्यापासून सकाळचं दुपारी त्यांच्या लक्षात राहत नाही.

एक मात्र सांभाळ. बाथरूमच्या वरच्या खिडकीतून काढलेली फळी घेऊन ते येतील आणि विचारतील, "हवा जायची जागा कुठल्या शहाण्यानं बंद केली?" तू सांग, आईनं. थंडी मलाच वाजत होती, एवढं तरी खरं आहे. ते मला शिव्या घालतील, घालू देत. एकदा मी खरं सांगून बसले. "मीच?" म्हणाले आणि दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी कारण विसरले, पण रडू काही थांबेना.

मग ते फळीच्या कडेवरून अंगठा फिरवतील. अजून हाडाचे सुतार आहेत. म्हणतील, "तुझ्या आईला साधी करवत धरता येत नाही, आणि हे बघ, केसभर फट नाही."

तेव्हा नुसतं "हो" म्हण आणि चहा ठेव.

आई