चिखलात राहिलेला बूट

प्रिय मुली,

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. पण तू समोर बसलीस की माझं बोलणं भाजी नि नातीचा अभ्यास यांतच घुटमळतं, मुद्द्याचं पोटातच राहतं. म्हणून तू प्रयोगशाळेत गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसले आहे.

रविवारी आपण नदीकाठच्या त्या राखीव रानात गेलो. 'आईंचे पाय मोकळे होतील,' असं तू म्हणालीस. चष्म्याच्या दुकानातले तुझे 'ओळखीचे' गाडी घेऊन येणार, हे मात्र दारात चपला घालताना सांगितलंस, आणि सांगताना तुझे कान लाल झाले. मी मागे बसून सगळी वाट त्यांची मान बघत राहिले. माझा लेक जाऊन चार वर्षं झाली; त्याच्या बायकोशेजारी दुसरंच कुणी बसलेलं बघवेना. खोटं कशाला बोलू, त्या माणसात काहीतरी खोट सापडावी म्हणून मी टपून बसले होते. सापडलीही. पाण्यातल्या ओंडक्याला पाणमांजर समजून त्यांनी आपल्या सगळ्यांना दहा मिनिटं श्वास रोखून उभं केलं. आणि हे लोकांना चष्मे देतात!

मग तुला कामावरून फोन आला, आवाज नीट येईना म्हणून तू फाटकापाशी गेलीस. त्यानंतरचं तुला कुणी धड सांगितलं नाही. आपली पोरगी नुसती घसरली नव्हती. चतुर किडा पकडायला ती फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली. मी ओरडले, पण जागची हलले नाही. तुझे 'ओळखीचे' मात्र तसेच, विजारीसकट आत उतरले आणि तिला उचलून घेऊन आले. तिचा एक बूट तेवढा आत राहिला. रागावले नाहीत. बाकावर बसवून चष्मा पुसायच्या फडक्यानं तिच्या पायाची बोटं एकेक करून पुसली.

तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही आमच्याकडे राहायला येणार? बाबांच्या खुर्चीवर बसणार?"

मी नदीकडे तोंड फिरवलं. त्यांनी तिचं शेवटचं बोट पुसून घेतलं. मग म्हणाले, "नाही गं, ती बाबांचीच. मी आलो तर माझी घेऊन येईन." आपल्या बाईसाहेबांनी विचार केला आणि फर्मावलं, "मग खिडकीपाशी ठेवा. तिथे जागा आहे."

मला हसू आलं नि रडूही. ती दगड वेचायला लागली तशी मीच विचारलं, मग अडलंय कुठे? ते म्हणाले, "दोनदा विचारलं मी. ती म्हणते, आईंना सोडून नाही." तक्रारीचा सूर नव्हता. तेवढ्यात तू आलीस आणि बुटासाठी आम्हा तिघांना झापलंस.

आता माझं ऐक. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तू निळी साडी नेसून निघाली होतीस आणि माझी कंबर धरली. तू साडी बदललीस, जेवायच्या वेळेपर्यंत माझी कंबर शेकत बसलीस. माझ्या कंबरेला काहीही झालं नव्हतं. तू कुणाला भेटायला निघालीस ते कळलं होतं मला. त्या दिवसाची लाज अजून जात नाही.

लेक गेल्यावर तू मला सावरलंस, हे मी विसरणार नाही. पण माझं नाव पुढे करून स्वतःचं दार लावून घेऊ नकोस, एवढंच सांगायला हे लिहिलं. इथे सगळे राहू, नाहीतर तुम्ही दोन गल्ल्या पलीकडे घर बघा. मी रोज येऊन डोकं खाईन. त्यांना आजच 'हो' कळव. आणि एक निरोप दे. रविवारी दारात सोडताना ते मला "येतो, काकू" म्हणाले. म्हणावं, काकू नको. तू म्हणतेस तेच म्हणायचं.

तुझीच,
आई