चांदोलीचं धुकं

४ नोव्हेंबर, मंगळवार
ठरलं. यंदा कंपनीच्या कॅलेंडरवर माझा फोटो. विषय 'आपला सह्याद्री'. बारा पानं, प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव. गेल्या वर्षी डिस्पॅचच्या धम्मपालचा ढग लागला होता. ढग! तो तर कुणीही काढेल. मी बारा वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. केसाएवढा ओरखडा दिसला तरी पार्ट रिजेक्ट. या नजरेपुढे धम्मपाल किस झाड की पत्ती.
हॉलमध्ये टीव्हीच्या वर खिळा ठोकला. विजयश्रीने विचारलं, कशाला. म्हणालो, नवऱ्याचं नाव छापून येणार आहे, जानेवारीत बघ. ती म्हणाली, तोवर पिशवी अडकवते. बायको असून ही तऱ्हा.

८ नोव्हेंबर
नवा फोन. व्हिडिओत एका तज्ज्ञाने सांगितलं, लेन्सला बोट लावायचं नाही. घरात सगळ्यांना ताकीद दिली. लेकीने, हर्षालीने, फोनकडे नुसतं बघितलं तरी ओरडलो.
गेटवर मात्र इलाज नाही. कंपनीत फोटोला बंदी, म्हणून गेनबा वॉचमन आत जाताना प्रत्येकाच्या कॅमेऱ्यावर स्टिकर मारतो. सुटल्यावर आपला आपण काढायचा. त्याला म्हटलं, नवा फोन आहे, जपून. तर अंगठ्याने दाबून दाबून लावला. मुद्दाम.

१४ नोव्हेंबर
गच्चीवरून सराव. काळेवाडीची पाण्याची टाकी काढली. भर दुपारी दोन वाजता फोटोत मऊ, दुधाळ धुकं उतरलं. अंगावर काटा आला. विजयश्री म्हणाली, कुठे कचरा पेटवलाय का. हिला दाखवून उपयोग नाही. शैली सापडली की माणूस एकटा पडतो, ते खरंच.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आजची साप्ताहिक सुट्टी आणि उद्याची रजा जोडून चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाला निघालो. शिवकाळातल्या वाटा, कडे, जंगल. पान पक्कं. गाडी धम्मपालची, कारण माझी गॅरेजात. म्हणजे चहा कुठे घ्यायचा तेही तोच ठरवणार. कराडपर्यंत त्याच्याशी एक अक्षर बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही, निर्लज्ज.

२१ नोव्हेंबर, सकाळी साडेसात
उंचावरचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार. समोर कोकणात कोसळणारा कडा. माऊली नावाचा गाईड म्हणाला, आज नशीब काढलंत, धुकं अजिबात न्हाई, पार खालपातूर समदं साफ दिसतंय. मी म्हटलं, ज्याला दिसतं त्यालाच दिसतं. तो पुढे चालू लागला. जिरली.
धम्मपालने फोन काढला, शर्टाच्या टोकाने लेन्स पुसली (अडाणी), एक फोटो काढला आणि शेंगा खात बसला. मी त्याच कड्याचे दोनशे चौदा काढले. त्याच्या फोटोत झाडन् झाड दिसतं. त्याला काय फोटो म्हणायचं? तो तलाठ्याचा पंचनामा. माझ्या फोटोत कडा आहे की नाही अशी शंका येते. ही खरी कला.
त्याने डोकावून पाहिलं. "रंगराव, भावा, लेन्स एकदा पुसून बघ."
जळतो. पाठ फिरवून उभा राहिलो.

५ डिसेंबर
एचआरच्या दिव्या मॅडमचा फोन. म्हणाल्या, तुमचा फोटो अगदी वेगळा आहे, सेफ्टीवाल्यांनाही दाखवला, त्यांना फारच आवडला. म्हणजे विषय वरपर्यंत गेला. सांगवीच्या मेव्हण्याला, सुजितला, मुद्दाम फोन करून कळवलं. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. बारा जणांनी अंगठा दिला. बाकीचे नतद्रष्ट.

२० डिसेंबर
घात झाला. गेटवर गेनबा स्टिकर लावतो तर तो चिकटेना. फोन उजेडात धरला आणि म्हणाला, "सायब, आदीच केवढा गम साचलाय ह्यावर. कदी पुसत न्हाई व्हय?" आणि नको नको म्हणेपर्यंत थुंकी लावून बाहीने खसाखसा पुसला.
सुटल्यावर पार्किंगमधून भामचंद्राच्या डोंगराचा फोटो काढला. झाडन् झाड दिसलं.
पाच फोटो काढले. धुकं कुठेच नाही.
गेनबाविरुद्ध लेखी तक्रार करणार होतो. पण काय लिहिणार? माझं धुकं पुसलं?
असो. निवड तर झालेलीच आहे. खीर जमली की म्हैस कुणाची ते कुणी विचारत नाही.

२ जानेवारी, शुक्रवार
कॅलेंडर आलं. दोनदा चाळलं. एप्रिलला धम्मपालचा कडा. मी नाही. तिसऱ्यांदा चाळलं.
दहा वाजता सेफ्टीवाले शिडी घेऊन आले आणि माझ्या टेबलासमोर पोस्टर लावून गेले. एकच कडा दोनदा. डावीकडे माझा फोटो, त्याखाली 'अस्वच्छ गॉगल'. उजवीकडे धम्मपालचा, त्याखाली 'स्वच्छ गॉगल'. तळाला बारीक अक्षरात : डावे छायाचित्र, श्री. रंगराव, फायनल इन्स्पेक्शन.
सवयीने तपासलं. नाव बरोबर. छपाईत कुठे ओरखडा नाही. रिजेक्ट करायला काही सापडलं नाही.
जेवणाच्या सुट्टीत धम्मपाल आला. पोस्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसला नाही. शेंगा पुढे केल्या. हसला असता तर भांडता तरी आलं असतं.
घरी विजयश्रीने विचारलं, आलं का कॅलेंडर? म्हणालो, यंदा छापलंच नाही. कुठल्यातरी ग्रुपवर कॅलेंडर बघून सुजितने सांगवीहून तिला आधीच फोन केलेला होता, हे मला हर्षालीकडून नंतर कळलं.
खिळ्याला कांद्याची पिशवी होती. विजयश्रीने ती उतरवली आणि विचारलं, खिळा काढू का?
म्हणालो, राहू दे. काढला तर भोक दिसेल.