फॅमिली म्हणून मी

रविवार, ४ जानेवारी

पयले आले ते चेअरमनच! त्यांच्या मागनं सेक्रेटरी, अविराज. नवं लग्न झालंय त्याचं, अजून बोटातली अंगठी फिरवत उभा ऱ्हातो.

मी दार उघडलं तवा हाताला पीठ. चेअरमन म्हणत्यात, "आजी, आमी सोसायटीकडनं आलोय. मी विजयसिंह, चेअरमन."

सोसायटीचा चेअरमन, आन् आपल्या दारात! आमच्या सणसरला सोसायटीचा चेअरमन म्हंजी केवढा माणूस. खत, पीककर्ज समदं त्याच्या हातात. लग्नात पयला फेटा त्याला, पंगतीत पयलं पान त्याला. मला वाटलं, बारामतीची सोसायटी तर अजून मोठी असंल. असला माणूस मोकळा कसा लावून द्यायचा?

बसा बसा म्हणलं. पंखा लावला — एवढ्या थंडीचा! ट्रंकेतनं टॉवेल-टोपी काढली. भीमाच्या, माझ्या लेकाच्या, सासुरवाडीकडनं आलेली, घडी न मोडलेली. कुंकवाचा टिळा लावला. नारळ दिला. टोपी माझ्या हातानं डोक्यावर ठेवली. जरा मोठी झाली, कानापतूर आली. पर शोभली.

सेक्रेटरी भितीकडं तोंड करून हालत व्हता. मला वाटलं थंडी वाजती, म्हणून पंखा बंद केला.

चहा झाला. उठताना दारात म्हणले, "आजी, एक व्हतं... पहाटं वरनं धपधप आवाज येतो. खालनं तक्रार हाय. तुमचं ॲग्रीमेंट फेब्रुवारीत संपतंय. मालक ऱ्हातो पुण्याला, मला इचारूनच पुढं वाढवतो. तक्रार असली तर न्हाय वाढवायचा. तेवढं बगा."

आन् टोपी घालूनच जिना उतरले!

सोमवार, ५ जानेवारी

वैष्णवीला सांगितलं. माझी नात, भीमाची थोरली. दुधाच्या कंपनीत लॅबमधी हाय. ऐकून गादीवर लोळली. "अगं आज्जी, सोसायटी म्हंजी ही आपली बिल्डिंग!"

"मंग ते चेअरमन कशाचे?"

"पाण्याच्या टाकीचे. आन् जिन्यातल्या बल्बचे."

घ्या. बल्बापायी टॉवेल-टोपी गेली. आता परत मागायची कशी!

हसून झाल्यावर पोरीचं तोंड उतरलं. म्हणली, "आज्जी, ही खोली गेली तर दुसरी मिळायची न्हाय." खरं हाय ते. गेल्या साली तिनं निम्मी बारामती पालथी घातली. जाईल तितं एकच — एकट्या पोरीला देत न्हाय, फॅमिली पायजे. हितं पण तसाच नियम, खाली फळ्यावर लावलाय. तिनं सणसरला फोन केला, "आज्जी, तू माझी फॅमिली म्हणून येशील का?"

आमच्याकडं फॅमिली म्हंजी बायकू! "फॅमिली आजारी हाय" म्हणला की समजायचं, गड्याची बायकू आजारी. मी म्हणलं, पोरी, ह्या वयात मी कुणाची फॅमिली व्हऊ? पर आले. ट्रंक, गोधडी, भाकरी थापायची काठवट आन् मी. वैष्णवी म्हणती दिवसभर कटाळशील, लिवत जा. तिसरीपतूर गेले व्हते, म्हणून लिवतेय. आन् कटाळा कसला! नळाला पाणी हाय, जिन्यात माणसं हायती, गॅलरीतनं समद्यांची धुणी दिसत्यात. कुणाकडं पाव्हणं आलंय ते दोरीवरच्या टॉवेलावरनं कळतं. सणसरला एवढं कळायला अर्धं गाव फिरावं लागायचं.

मंगळवार, ६ जानेवारी

धपधप म्हंजी माझ्या भाकरीची. आता कळलं.

हितल्या बाया ओट्यावर उभ्यानं थापत्यात. घोड्यागत! मला न्हाय जमत. मी खाली बसते, काठवट फरशीवर. लाकडाची काठवट, सासूबाईंची. थाप पडली की घुमती. सणसरला जमिनीखाली खणलं तर पाणी लागतं. हितं जमिनीखाली माणसं लागत्यात! हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय.

आन् आमच्या खाली कोण? फरिदा! अल्ताफची बायकू. त्याचं भांड्याचं दुकान हाय. ही जिन्यात भेटली की कशी गोड हसती. "आजी, गुडघे कसं हायती? आजी, पिशवी द्या हिकडं." आन् मागनं तक्रार! पिशवी कशाला धरली मंग? गुडघ्याची एवढी काळजी व्हती तर कानाची मला सांगायची, चेअरमनला कशाला?

उद्यापास्नं काठवटीखाली गोधडी घालणार.

बुधवार, ७ जानेवारी

गोधडीवर काठवट डुगडुगती. भाकरी गोल आलीच न्हाय. एक तर इंदापूर तालुक्याच्या नकाशागत झाली. वैष्णवी म्हणली, "सणसर कुठं आलं गं ह्यात?" करपलंय तितं, म्हणलं.

गुरुवार, ८ जानेवारी

भाकरीचा नाद सोडला, आजपास्नं पोळ्याच. वैष्णवी ताटाकडं बघून म्हणती, "आज्जी, कोण येणार हाय का कोण गेलं?"

शनिवार, १० जानेवारी

सेक्रेटरी आला. तक्रार घेऊन. म्हणं आमच्या गॅलरीतनं खालच्या गाडीवर पाणी पडतं. आमच्या गॅलरीखाली गाडीच उभी ऱ्हात न्हाय, जास्वंदीचं झाड हाय! मी म्हणलं, "अविराजराव, झाडाची तक्रार हाय का?" नुसता हसला. चहा पिऊन झाला तरी उठंना. नजर सारखी ट्रंकेकडं. तवा माझी ट्यूब पेटली! गड्याला टॉवेल-टोपी पायजे. बिल्डिंगभर झालंय म्हणं, चेअरमनचा सत्कार झाला आन् सेक्रेटरी कोरडा आला.

ट्रंकेत अजून एक जोडी हाय. पर न्हाय दिली. खरी तक्रार घेऊन ये म्हणावं.

भीमाचा फोन. "आये, आता पुरं झालं तिकडं. ऊस तुटाय लागलाय, म्हस व्याय झालीय, घरी ये." म्हस तुझी बायकू बगंल म्हणलं. मी आले तर पोरीची फॅमिली कोण व्हईल? तू येतो का?

फोनच ठेवला त्यानं.

वैष्णवीच्या कंपनीत कुणाला तरी ट्रेनिंगला लावून देणार हायती म्हणं. हिचं नाव यादीत हाय. वरची पोस्ट मिळती त्यानं. पर ती बोलत न्हाय त्यावर. ॲग्रीमेंटच बोलती.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी

आजचं लय हाय. चहा करून बसले लिवायला.

सकाळी दार वाजलं. फरिदा! मी मनात म्हणलं, आता काय, पोळ्या लाटल्याचा आवाज येतो का? पर तिचं डोळं लाल. म्हणली, "आजी, तुमची तब्येत बरी हाय न्हवं?"

"मला काय धाड भरली?"

"मंग भाकरी का थापत न्हाई?"

तिला म्हणलं, तूच तर तक्रार केली! ती म्हणती, "मी? अल्ला! आमी कशाला करू तक्रार?" आन् मला हाताला धरून खाली नेलं.

तिची सासू हाय घरात, जैतूनबी. एवढ्या महिन्यात मला ठावं न्हाय! पलंगावरच असती. डोळं गेल्यात, कानानं बी कमी. मशिदीतली अजान तिच्या कानापतूर येत न्हाय, उजेड डोळ्याला दिसत न्हाय. पर माझी थाप भितीतनं पलंगात उतरती म्हणं. रोज पहाटं पलंगाच्या दांडीवर हात ठेवून पडून ऱ्हायची. थाप लागली की फरिदाला उठवायची — "ऊठ गं, सकाळ झाली. वरली उठली." मंग तोंड धुणं, नमाज, चहा.

आन् आठवडाभर थाप न्हाय, म्हणून म्हातारीची सकाळच झाली न्हाय! फरिदा चहा घेऊन गेली की म्हणती, "अजून रात हाय. झोप तू बी." दुपारी जेवण नेलं तरी रात. अल्ताफनं घड्याळ कानाला लावलं तर म्हणती, घड्याळ बिघडलंय!

मला हसू बी आलं आन् कसंनुसं बी झालं. मी वर पोळ्या लाटत बसले व्हते आन् हिची सकाळ अडली व्हती.

वर गेले. काठवट फरशीवर. बाजरीचं पीठ, वरनं तीळ, भोगीची भाकरी. अशी थापली, अशी थापली की फळीवरचं डबं हाललं! गरम गरम घेऊन खाली गेले. जैतूनबी उठून बसलेली. तोंड धुतलेलं. भाकरीचा वास घेतला आन् म्हणती, "सकाळ झाली की गं! भोगी का आज?" तिचं माहेर सुप्याचं. तिकडं बाजरीच. लहानपणी शेजारणींच्या बरोबर तिनं बी भोगीच्या भाकरी थापल्यात. माझा हात चाचपून बघितला. म्हणली, "तर्जनी वाकडी हाय तुजी. तरीच शेवटची थाप जोरात पडती."

पन्नास वर्सं भाकरी खाल्लेल्या नवऱ्याला हे कळलं न्हवतं.

पर मंग तक्रार केली कुणी?

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

कळलं! चेअरमनच्याच घरी हळदीकुंकवाला गेले व्हते, तळमजल्याला. त्यांची मंडळी राजलक्ष्मीबाई तीळगूळ देता देता म्हणाल्या, "आजी, ती तक्रार ह्यांचीच! मी सैपाकघरातनं चार हाका मारते त्या ऐकू येत न्हाईत, आन् दोन मजल्यावरची भाकरी बरी ऐकू येती ह्यास्नी!" बाया हसून हसून भितीला टेकल्या. चेअरमन आतल्या खोलीत. खोकल्यागत केलं, पर भाईर आले न्हाईत. खुंटीला माझी टोपी!

निघताना राजलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "रविवारी मिटिंगला तुमचा विषय हाय. या तुमी."

पोरीला सांगितलं. रात्री जेवली न्हाय नीट.

रविवार, १८ जानेवारी

मिटिंग पार्किंगमधी. मी पुढच्या खुर्चीत, नवं लुगडं. चेअरमननी वाचलं — फ्लॅटमधनं आवाजाची तक्रार. कुणी केली ते वाचलं न्हाय. शाना माणूस!

फरिदा उठली. एवढ्या गड्यांत बोलायची तिला सवय न्हाय, तरी बोलली. "आवाज व्हतो तो आमच्या डोक्यावर व्हतो. आमची तक्रार न्हाय. उलट आठवडाभर बंद व्हता त्याची तक्रार हाय. ती लिवून घ्या."

सेक्रेटरी इचारतो, "बंद व्हता अशी लिवू?"

"व्हय."

चेअरमननी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणले, "एक तक्रार आवाजाची, एक आवाज बंदची. दोन्ही कटाप. ॲग्रीमेंटला सोसायटीची हरकत न्हाय." मंग माझ्याकडं बघून — "पर आजी, फॅमिली हितं ऱ्हायला पायजे. नियम हाय."

ऱ्हाती की! फॅमिली हलत न्हाय हितनं!

वैष्णवी माझ्या गळ्यातच पडली, चारचौघांत. सेक्रेटरीला घरी बोलवून दुसरी टॉवेल-टोपी दिली. खरी तक्रार लिवली त्यानं.

गुरुवार, २२ जानेवारी

वैष्णवीची निवड झाली. ट्रेनिंग नाशिकला, सहा महिने. दोन तारखेला निघायचं.

मी साखर वाटली जिनाभर. मंग वर येऊन बसले. आता पोरगीच हितं न्हाय, तर फॅमिली कुणाची? फ्लॅट सोडायचा ठरलं. भीमा टेम्पो घेऊन येतो म्हणाला. लय खूश. म्हशीला रेडी झालीय.

शुक्रवार, २३ जानेवारी

काठवट गोधडीत बांधली.

शनिवार, २४ जानेवारी

सकाळी बांधाबांध चालली व्हती, तर पयली आली फरिदा. धापा टाकत. "आजी, थाप न्हाय! अम्मी म्हणती, रात हाय!"

मी तिला ट्रंक दाखवली. नाशिकचं सांगितलं. ती मटकन ट्रंकेवरच बसली.

मंग राजलक्ष्मीबाई आल्या. त्यांच्या मागनं चेअरमन, टोपी घालून. समदं ऐकून म्हणत्यात, "पोरगी जातीय. तुमी कशाला जाताय?"

"फॅमिली न्हाय न्हवं. एकटीला देत न्हाईत तुमी. नियम."

चेअरमननी खाली जाऊन फळ्यावरचा नियम परत वाचला. वर आले. दम लागला व्हता. म्हणले, "एकटी मुलगी असं लिवलंय. म्हातारीचं काय लिवलेलं न्हाय."

"पर मंग माझी फॅमिली?"

फरिदा म्हणली, "खाली पलंगावर हाय ना."

चेअरमन मालकाला फोन लावाय गेले.

सोमवार, २६ जानेवारी

मालक व्हय म्हणला. कागदावर भाडेकरू — कौसल्या, सणसर, म्हंजी मी. फॅमिली — वैष्णवी, सुट्टीला येणारी. चेअरमन, राजलक्ष्मीबाई, फरिदा, सेक्रेटरी समदी सही घ्यायला रविवारी, एक तारखेला, परत येतो म्हणाली. काठवट सोडली. भीमाला अजून सांगितलं न्हाय — टेम्पो बी रविवारीच यायचाय.