सड्यावरची पाखट

११ फेब्रुवारी
बोटीवरून सुट्टीवर येऊन आठवडा झाला. आज दादाबरोबर सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर गेलो. चिरेखाणीला जागा द्यायची, कागदावर आम्हा दोघा भावांच्या सह्या हव्यात. खाणवाल्याने चुन्याच्या रेघा आधीच मारून ठेवल्यात. दादा खूश. मुंबई सोडून कायमचा आलाय, खाणीवर देखरेखीचं काम त्यालाच मिळणार. आजोबा, बाबा, दादा सगळे मुंबईला, मी समुद्रावर. आमच्यातला गावात राहणारा पहिला पुरुष दादाच ठरेल.

१२ फेब्रु.
कुठून सुरुवात करू! सकाळी एकटाच हद्द बघायला गेलो. रेघेच्या आत, कातळात मातीने भरलेली एक खाच. काठीने उकरली तर ती वळतच गेली. घरी येऊन खराटा मागितला तर वहिनीही निघाली. गवत कापताना हिच्यात पाय अडकायचा म्हणाली, तिला ती पाण्याची वाट वाटायची. दुपारपर्यंत दोघं झाडत होतो. आणि मग दिसली. पाखट! तो चपटा समुद्री मासा, पंख पसरलेले, लांब शेपटी, माझ्याहून मोठी. इथून समुद्र दिसतसुद्धा नाही!
अशी कातळात खोदलेली चित्रं बऱ्याच सड्यांवर सापडलीत, हजारो वर्षांची म्हणतात. पण आमच्या सड्यावर? मी जाळ्यात तडफडणारी पाखट पाहिलीय. खोदणाऱ्यानेही पाहिली असणार. मग एवढी चढण चढून येऊन दगड का खोदत बसला? कुणी बसवलं, की राहवलं नाही म्हणून

१३ फेब्रु.
दादाने पाहिली. शेपटीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आला. जेवताना विषय निघाला. म्हणाला, आजूबाजूचे सडे कापले गेले, काळच तसा आलाय, आपण कोण अडवणारे. मी म्हटलं, खोदणाराही आपल्यासारखाच कुणीतरी असेल, त्याने खोदलं म्हणून आज आहे.
"पोट भरल्यावर खोदलं असेल. तू जाशील बोटीवर. मी हितं काय करू? परत मुंबईला जाऊ?"
वहिनी ताटं उचलता उचलता म्हणाली, "मुंबईला जाताना तुम्हाला कुणी विचारलं होतं? आज पहिल्यांदा कायतरी आपल्या हातात आहे."


१५ फेब्रु.
खाणवाला येऊन गेला. चित्र सोडून बाकीचं कापू म्हणतो. भोवती खड्डा आणि मधे पाखट! सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. दादाकडे बघत राहिलो, तो माझ्याकडे.
संध्याकाळी दादा घरात नव्हता, म्हणून सड्यावर गेलो. वाकून झाडत होता. मला बघून म्हणाला, शेपटीच्या पुढेही काहीतरी आहे. मग दोघं अंधार पडेपर्यंत. लहानपणानंतर असे एकत्र कधी

१८ फेब्रु. मुंबई
कंपनीचं बोलावणं लवकर आलं, निघावं लागलं. कागद घरीच, माझ्या सहीविना. उद्या बोटीवर. सकाळपासून एका जागी बसवत नाही. एवढ्यात दादाचा फोन. वाऱ्याचा आवाज, धाप लागलेली.
"शेपटीपुढे माणूस निघाला रे, खोदलेला. उभा. दोन्ही पाय फाकवून."
खाणवाल्याचं विचारलं.
"खाली रस्त्यावर थांबलाय, मशीन घेऊन. सही मागनं येईल म्हणतो. मी जातो बोलायला."
काय बोलणार आहेस, विचारलं.
"जाता जाता ठरवतो," म्हणाला, आणि फोन वहिनीकडे दिला.