वाडग्यातली माती

म्दान्त्साने, ईस्ट लंडन
सोमवार, २८ ऑगस्ट २०२३

आदरणीय भाऊजी,

मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मागे पाठवलेला मलम संपला असेल तर कळवा, दुकानात नवीन माल आलाय. इकडे चार दिवस असा वारा सुटलाय की दोरीवरचे कपडे शेजारणीच्या अंगणातून गोळा करावे लागतात, आणि ती बाई प्रत्येक कपडा निरखून मगच हातात देते. बाकी सगळं नेहमीसारखं. सकाळी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं, संध्याकाळी पाय मिठाच्या पाण्यात ठेवायचे.

काल फोनवर तुम्ही म्हणालात की आईंच्या आत्म्याला घरी परत आणायचा विधी १६ सप्टेंबरला ठरला, बैलही निवडला. आणि म्हणालात, "या वेळी तुला गुरांच्या वाडग्यात नेणार. तू आमच्या आईचं केलंस. आता वाडवडिलांना तुझी ओळख करून द्यायलाच हवी." मी "बरं" म्हटलं आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. चुलीवर काही नव्हतं, भाऊजी. मला बोलता येईना. तुमच्यासमोर मला कधीच धड बोलता आलेलं नाही. सुनेनं थोरल्या दिरांचं नाव घ्यायचं नाही, मान वर करायची नाही, हे अंगात इतकं मुरलंय की फोनवरसुद्धा मी खाली बघूनच बोलते. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या घरात मला पंधरा वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा नवऱ्याशिवाय, वुयिसानीशिवाय. तो गेल्यावर मी माहेरी जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं, मलाही. गेले नाही. मग २०२१ च्या डिसेंबरात आईंच्या पोटातलं दुखणं निघालं आणि इथलं हॉस्पिटल जवळ म्हणून त्या माझ्याकडे आल्या. येताना एक ब्लँकेट, तो लांब दांड्याचा पाइप, आणि डोक्याच्या रुमालाच्या टोकाला गाठ मारून आणलेल्या बिया. गाठ सोडून त्यांनी सात बिया माझ्या तळहातावर ठेवल्या.

"कशाच्या?" मी विचारलं.

"कशाच्या म्हणजे? तुझ्या दुकानात मिळत नाहीत त्या," म्हणाल्या.

हॉस्पिटलच्या पातळ औषधानं दुखणं थांबायचं, पण त्या दिवसभर गुंगीत असायच्या. एकदा मला त्यांनी स्वतःची बहीण समजून हाक मारली. शुद्धीवर आल्यावर इतकं वाईट वाटलं त्यांना की बाटली हातात घेईनात. "मरायचं आहे ते मी मरेन, पण माणसं ओळखून मरेन," म्हणाल्या. त्यांना हवा होता गावच्या उतारावरचा गांजा, दुधात उकळून, रात्री अर्धा कप. त्यांच्या सासूला त्यांनी तसाच दिला होता. बाजारातला नको, त्यावर कुणी काय फवारलंय कोण जाणे, असं त्यांचं म्हणणं.

तुम्ही गावाहून पाला पाठवू शकत नव्हता, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला एकदा रस्त्यात गांजाच्या पोत्यासकट पकडलं होतं आणि दोन वर्षं तुम्ही आत काढलीत, आणि सुटून आल्यावर आईंनी तुमच्याकडून शपथ घेतली होती. कायदा आता घरात स्वतःपुरतं लावू देतो, पण शपथ ती शपथ. म्हणून तुम्ही माती पाठवलीत. "माती न्यायला कुणाची बंदी नाही," असं फोनवर म्हणालात ते मला चांगलं आठवतं. टॅक्सीवाल्याबरोबर ते पोतं आलं. वाडग्यातलं दोन वर्षं जुनं, वास मेलेलं, भुसभुशीत शेणखत, त्यात उतारावरची तांबडी माती आणि ओढ्याची वाळू, सगळं तुम्ही स्वतः चाळून कालवलेलं. निरोप असा होता की बादलीला भोकं पाड, हे भर, बी टाक, पाणी दे, बाकी कशाला हात लावू नकोस.

आता जे लिहायचं ते लिहिते.

तुमच्या मातीत एकही बी पडलं नाही. पोतं मी तसंच शिवलेलं मागच्या पत्र्याच्या खोलीत ढकललं. ते अजून तिथेच आहे.

सुनेनं वाडग्यात पाय ठेवायचा नाही, मग तिथल्या शेणात हात कसा घालायचा, असं मी स्वतःला समजावलं. नियम तुमचाच होता, मला आयता आडोसा मिळाला. पण ते खरं नव्हतं. आईंनी स्वतः सांगितलं होतं की पोत्यातून आलेलं चालतं. खरं कारण वुयिसानीच्या वेळचं आहे. त्याला कुठे पुरायचं, कधी पुरायचं, पेटी उघडायची की नाही, हे सगळं तुम्ही पुरुषांनी वाडग्यात बसून ठरवलंत. मी फाटकाशी उभी होते. तुम्ही वळून म्हणालात, "इथे उभी राहू नकोस, बायकांत जा." एवढंच. तुम्हाला आठवतही नसेल. माझा नवरा होता तो, भाऊजी. ज्या वाडग्यानं मला त्या दिवशी हाकललं त्याची माती आज माझ्या घरात आली, तर मला राग आला. पोतं ढकलताना मी त्याला लाथ मारली, हेही लिहून ठेवते.

आणि मग मी शहाणपणा केला. शहरात या झाडांचं सामान विकणारं दुकान आहे, तिथून कोकोपीट घातलेली तयार मातीची पिशवी आणली, दिवा आणला, आणि खताच्या दोन बाटल्या, एक झाड वाढायची, एक फुलं धरायची. दुकानदार म्हणाला, "ताई, या मातीत खत आधीच आहे. महिनाभर बाटली उघडू नका, आणि मग लिहिलंय त्याच्या निम्मंच घाला." मी मान हलवली. वुयिसानीच्या खोलीत तीन झाडं लावली. मार्चपर्यंत अशी हिरवीगार वाढली की मला माझाच अभिमान वाटायला लागला. दर रविवारी तुमचा फोन यायचा, "माती कशी आहे?" आणि मी म्हणायचे, "छान आहे भाऊजी, झाडं उड्या मारतायत."

आई एकदा भिंत धरत धरत त्या खोलीत आल्या. कुंडीतली चिमूटभर माती घेतली, बोटांत चोळली, वास घेतला.

"ही कुठली?"

"गावचीच. भाऊजींनी पाठवलेली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "हं. वाटेत आंघोळ करून आलेली दिसते." बोटं माझ्या एप्रनला पुसली आणि परत जाऊन झोपल्या.

एप्रिलमध्ये दुखणं वाढलं. त्या ओरडायच्या नाहीत, तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. ब्लँकेटचा कोपरा तोंडात धरायच्या. सकाळी तो कोपरा ओला असायचा. झाडांना फुलं धरायला लागली होती, अजून सहा-सात आठवडे हवे होते, आणि माझ्याच्यानं थांबवेना. बाटलीवर एक झाकण लिहिलं होतं, मी दोन घातली. मग तीन. मी दिवसभर काउंटरवर लोकांना सांगते की दोनाच्या जागी चार गोळ्या घेऊन ताप लवकर उतरत नाही, उलट आतडी जळतात. आणि घरी येऊन मी नेमकं तेच केलं. आधी पानांचे शेंडे करपले, मग पानं कोंबडीच्या पायासारखी आत वळली. घाबरून मी बादल्यांनी पाणी ओतलं, खत धुऊन जाईल म्हणून. मुळं कुजली. मे संपायच्या आत तिन्ही झाडं गेली. फुलं मटारच्या दाण्याएवढी होती.

तेव्हा तरी पोतं उघडायचं. चार बिया उरल्या होत्या. पण बी टाकून पाला हाती यायला चार-पाच महिने लागतात, आणि आईंकडे तेवढे नव्हते. पहिल्याच दिवशी तुमचं ऐकलं असतं तर त्या आठवड्यात कप भरला असता. हा हिशेब मी रोज करते आणि रोज तोच येतो. शेवटी गल्लीतून विकत आणलं, दुधात उकळून पाजलं. ते इतकं कडक होतं की दोन दिवस आई भिंतीकडे बघून घाबरत होत्या. परत त्यांनी तोंडाला लावलं नाही.

त्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी फोन त्यांच्या कानाशी धरला होता. तुम्ही विचारलंत, झोप लागते का? आई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लागते रे. तुझ्या मातीनं चांगली झोप लागते. या पोरीनं नीट केलंय सगळं." मग डोळ्यांनी मला फोन ठेवायची खूण केली, कारण कळ आली होती आणि ती त्यांना तुम्हाला ऐकू द्यायची नव्हती.

त्या मागच्या वर्षी ११ जूनला गेल्या. शेवटचे एकोणीस दिवस फार वाईट होते. गुंगीचं औषध त्यांनी घेतलं नाही, माणसं ओळखून गेल्या. मला ओळखत होत्या.

दफनाच्या दिवशी तुम्ही सगळ्या गावासमोर उभे राहिलात आणि म्हणालात की आमची आई शांत गेली, आमच्याच वाडग्यातल्या मातीनं तिचं दुखणं ओढून घेतलं आणि या सुनेच्या हातानं ते झालं. मला खुर्ची दिलीत. बायका माझा हात हातात घेत होत्या. तुमच्या काकूंनी पहिल्यांदा मला "आमची लेक" म्हटलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, पण भाऊजी, पंधरा वर्षांत मला त्या घरात कुणी खुर्ची दिली नव्हती. मला उठवेना.

गावासमोर बोललेलं एक वेळ राहू द्या. पण १६ तारखेला तुम्ही वाडग्यात, बैलाशेजारी उभे राहून, पूर्वजांचं एकेक नाव घेऊन बोलाल. तिथे बोललेलं खरंच असावं लागतं, हे तुम्हीच वुयिसानीला शिकवलंत आणि त्यानं मला सांगितलं. ज्यांना परत आणायचं त्यांच्याबद्दलच खोटं बोलून त्यांना कसं बोलवायचं? आणि आई तर ऐकत असतील. त्यांना ठाऊकच आहे.

म्हणून पूर्वजांना सांगा की आई दुखण्यात गेली. एकोणीस दिवस. सांगा की थोरल्या मुलानं जे पाठवता येत होतं ते पाठवलं, त्याची काही चूक नाही. सांगा की सुनेनं ते रागानं कोपऱ्यात टाकलं, आणि म्हातारीनं मरतामरता तिची लाज झाकली. तुमची जीभ रेटत नसेल तर मी बाहेरून ओरडून सांगेन, बाईचा आवाज आत जायला कुणाची ना नसेल तर.

मी येईन. शुक्रवारच्या टॅक्सीनं. मका भरडायला, भांडी घासायला हात लागतीलच. मला आत नेऊ नका.

मी आईंना एकदाही खरं सांगितलं नाही, भाऊजी, आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही. एवढ्या रात्री शेजारी बसून काढल्या आम्ही. एक वाक्य सांगायचं होतं फक्त.

त्यांच्या उशाशी शेवटपर्यंत रिकाम्या हातानं बसलेली,
झुकिस्वा